साठेबाजाला शाप, भुकेल्याला काय?

ऱ्हाईन नदीच्या पात्रात बिंगेन गावाजवळ एक जुना बुरूज उभा आहे. त्याला ‘उंदरांचा बुरूज’ म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात. माइन्झचा बिशप हॅटो याची कोठारे भरलेली होती आणि मुलखात दुष्काळ पडला होता. लोक धान्यासाठी दारात येऊ लागले. हॅटोने धान्य वाटण्याच्या मिषाने त्यांना एका कोठारात जमवले, बाहेरून दार लावून घेतले आणि कोठार पेटवून दिले. हे लोक म्हणजे नुसते धान्य फस्त करणारे उंदीर आहेत, असे तो म्हणाला. मग खरोखरच उंदीर आले. हजारोंनी आले. हॅटो नदीतल्या बुरुजात लपला, तर ते पोहत तिथेही पोचले आणि त्यांनी त्याला खाऊन टाकले.

टॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने १६११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ही दंतकथा आपल्या वाचकांना सांगितली. कथा जर्मन मुलखातली असली तरी इंग्रज वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. धान्य दाबून ठेवणारा धनिक, दारातला उपाशी माणूस आणि अखेर होणारा दैवी न्याय, हा साचा त्याच्या ओळखीचा होता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रवचनांतून, बाजारात विकल्या जाणाऱ्या एकपानी गाण्यांतून, नाटकांतून आणि चोपड्यांतून तो पुन्हा पुन्हा भेटतो.

हॅटोला उंदरांनी खाल्ले हे ऐकून कोणाही कष्टकऱ्याला समाधान वाटेल. पण त्या समाधानात एक प्रश्न विसरला जातो. कोठारातले धान्य पुढे कुठे गेले? ते कुणाच्या चुलीपर्यंत पोचले काय? हाच प्रश्न हातात धरून या लोककथांकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कथा ज्या समाजात फिरत होत्या त्याची स्थिती आधी पाहिली पाहिजे. इंग्लंडची लोकसंख्या १५५१ च्या सुमारास तीस लाख होती. १६०१ पर्यंत ती एक्केचाळीस लाखांच्या घरात गेली. माणसे वाढली, धान्याची मागणी वाढली, भाव चढत गेले. मजुरी मात्र मागे पडली. त्यात गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणे घालून जमीनदार तिथे मेंढ्या चारू लागले किंवा त्या खासगी शेतीला जोडू लागले. ज्याची गाय गायरानात चरत होती, जो सरपण तिथून आणत होता, तो आता केवळ मजुरीवर आणि बाजारच्या भाकरीवर जगू लागला. १५९४ पासून लागोपाठ चार हंगाम पावसाने बुडवले. गव्हाचे भाव दुपटीच्या वर गेले. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात तर १५९७ आणि १६२३ साली लोक उपासमारीने मेले.

अशा वेळी धान्य मुळीच नसते असे नाही. ते काहींच्या कणगीत असते आणि भाव आणखी चढण्याची वाट पाहत असते. मोठा शेतकरी सुगीत विकायला बांधलेला नव्हता. लहान शेतकऱ्याला मात्र खंड आणि कर भरण्यासाठी सुगीतच, पडत्या भावात धान्य काढावे लागे; आणि उन्हाळ्यात तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागे. हा जो मधला फरक होता, त्यावर साठेबाजाची चैन चालत होती.

लोकांनी या माणसाला नेमके ओळखले होते. बेन जॉन्सनच्या १५९९ सालच्या ‘एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर’ या नाटकात सॉर्डिडो नावाचा एक शेतकरी आहे. तो पंचांग उघडून पावसापाण्याचे भाकीत शोधत बसतो. मात्र त्याला हवा असतो तो पीक बुडवणारा पाऊस. धान्य बाजारात आणण्याचा सरकारी हुकूम येतो तेव्हा तो ते लपवतो. हवा चांगली पडून पीक येणार असे दिसताच तो गळफास घेतो. गावकरी धावत येऊन दोर कापतात. पण आपण कुणाला वाचवले हे कळताच हळहळतात आणि स्वतःलाच दोष देतात. आपण मेलो असतो तर गावाला आनंद झाला असता, हे त्याला त्या क्षणी उमगते आणि तो पालटतो. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्येही दारू प्यायलेला द्वारपाल आपण नरकाचे दार राखतो अशी कल्पना करतो, तेव्हा त्याच्या दारात येणारा पहिला पापी असाच असतो: सुकाळ येणार या धास्तीने फास लावून घेतलेला शेतकरी. प्रेक्षकांना याचा खुलासा करावा लागत नव्हता.

पण या कथा सांगणारेही बाजाराबाहेर नव्हते. १५९८ च्या फेब्रुवारीत स्ट्रॅटफर्ड गावात कुणाच्या घरी किती धान्य आहे याची मोजणी झाली. शेक्सपिअरच्या घरी दहा क्वार्टर, म्हणजे ऐंशी बुशेल माल्ट नोंदले गेले. माल्ट म्हणजे बिअर करण्यासाठी मोड आणून वाळवलेले धान्य. गावातल्या इतर खात्यापित्या घरांतही असा साठा होता. त्यामुळे एकट्या शेक्सपिअरला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. मुद्दा इतकाच की, साठेबाज हा नाटकातला एखादा राक्षस नव्हता. तो गावातला सभ्य, सुस्थित घरमालक होता.

एकपानी गाण्यांमध्ये शिक्षा अधिक थेट असे. १६३० चे पीक बुडाले. त्यानंतर ‘धान्य साठवणाऱ्यांसाठी आरसा’ अशा अर्थाच्या नावाचे एक गाणे छापले गेले. त्यात बकिंगहॅमशायरमधल्या एका शेतकऱ्याचे घोडे मार्च १६३१ मध्ये जमिनीत गडप झाल्याची हकीकत आहे. १६३१ मध्येच चार्ल्स फिट्झजेफ्री या कॉर्नवॉलमधल्या धर्मोपदेशकाची तीन प्रवचने ‘धान्य साठवणाऱ्यांना शाप’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचा आधार होता बायबलमधल्या नीतिसूत्रांतले एक वचन. धान्य अडवून धरणाऱ्याला लोक शाप देतील आणि ते विकणाऱ्याला आशीर्वाद मिळेल, असा त्याचा भाव आहे. यात ‘लोक शाप देतील’ हे महत्त्वाचे. भुकेल्याचा तळतळाट हा देवाच्या कानी जातो, तो वाया जात नाही, असे साक्षात धर्मपीठावरून सांगितले जात होते.

या नीतिकल्पनेला कायद्याचेही पाठबळ होते. १५५२ सालच्या कायद्याने तीन प्रकारचे व्यापारी गुन्हेगार ठरवले. बाजाराच्या वाटेवरच माल गाठून घेणारा हा पहिला. बाजारात घेऊन त्याच बाजारात किंवा चार मैलांच्या आत पुन्हा विकणारा हा दुसरा. उभे पीक किंवा धान्याचे ढीग विक्रीसाठी एकगठ्ठा घेऊन ठेवणारा हा तिसरा. पहिल्या गुन्ह्याला दोन महिने कैद, दुसऱ्याला सहा महिने. तिसऱ्या वेळी भर बाजारात खोड्यात उभे करणे आणि सर्व मालमत्ता जप्त. गव्हाचा भाव क्वार्टरला सहा शिलिंग आठ पेन्सच्या वर नसेल तर मात्र खरेदी करून ठेवण्याची मुभा होती. म्हणजे साठवणे हे मुळातच पाप नव्हते. टंचाईत साठवणे हे पाप होते. ही रेघ आजही विचार करण्याजोगी आहे.

१५८७ मध्ये राणी एलिझाबेथच्या सरकारने ‘बुक ऑफ ऑर्डर्स’ नावाचे आदेश काढले आणि पुढे १६३० पर्यंत दर टंचाईत ते पुन्हा काढले गेले. कोठारांची झडती घ्यावी, घरात खाणारी तोंडे किती आणि बियाण्याला किती लागेल हे मोजावे, उरलेले धान्य आठवड्याच्या ठराविक हप्त्यांनी उघड्या बाजारात आणायला लावावे आणि गरिबांना लहान मापाने, आधी विकावे, अशी त्यातली तरतूद होती. वाचताना कौतुक वाटते. पण ही अंमलबजावणी कुणाच्या हाती होती? जिल्ह्यातले बिनपगारी न्यायाधीश हे स्वतः जमीनदार होते. झडती घेणारे पंच हे गावातले सुस्थित शेतकरी होते. कोठाराचा मालक, त्याचा शेजारी आणि त्याचा न्यायाधीश हे एकाच वर्गातले. कुठे कुठे आदेश कसोशीने पाळले गेले हे नाकारता येत नाही. पण गरिबाचा हक्क हा अखेर सरकारच्या भीतीवर आणि धनिकाच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहिला. राज्यकर्त्यांनाही करुणेपेक्षा दंग्याची धास्ती जास्त होती.

तळतळाटाची दुसरी बाजू याहून भयंकर आहे. प्रवचनात भुकेल्याचा शाप हा देवाचा आवाज होता. पण एखादी म्हातारी प्रत्यक्ष दारात आली, तिला मूठभर पीठ किंवा ताक नाकारले गेले आणि ती पुटपुटत माघारी गेली, की काय होई? पुढे त्या घरची गाय आटली किंवा मूल आजारी पडले, तर तीच म्हातारी चेटकीण ठरे. कीथ टॉमस आणि अ‍ॅलन मॅकफार्लेन या इतिहासकारांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले की, इंग्लंडमधल्या चेटुकाच्या अनेक आरोपांची सुरुवात अशी नाकारलेल्या भिकेतून झाली होती. नाकारणाऱ्याच्या मनात अपराधाची टोचणी होती. ती त्याने मागणाऱ्यावर उलटवली. शेकड्यांनी माणसे फासावर गेली. त्यांत बहुतेक बायका होत्या आणि बहुतेक गरीब होत्या. ग्रंथातल्या गरिबाचा शाप पवित्र आणि दारातल्या गरिबाचा शाप हा गुन्हा, असा हा दुटप्पी न्याय आहे. गरिबाला अद्भुत शक्ती बहाल करणारी कथा त्याच शक्तीसाठी त्याला जाळ्यातही पकडू शकते, हे विसरू नये.

कोठारवाल्यांकडे स्वतःची कथाही होती. शेक्सपिअरचे ‘कोरिओलेनस’ हे सुमारे १६०८ सालचे नाटक धान्यासाठी उठलेल्या रोमन जमावाने सुरू होते. त्यांची समजूत घालायला आलेला मेनेनियस हा उमराव एक जुनी गोष्ट सांगतो. एकदा शरीराचे सगळे अवयव पोटाविरुद्ध उठले. आम्ही राबतो आणि हे नुसते खाते, म्हणाले. पोट उत्तरले, मी साठवतो खरा, पण तुम्हा सर्वांना पुरवठा माझ्याकडूनच होतो. म्हणजे उमराव हे पोट आणि तुम्ही अवयव. तेव्हा गप्प राहा! समाजाला एका देहाची उपमा द्यायची आणि मग कुणाला मुख, कुणाला पाय ठरवायचे, ही युक्ती आपल्याला पुरुषसूक्तापासून चांगली परिचित आहे. उपमा एकदा मान्य केली की विषमता निसर्गसिद्ध वाटू लागते. उपाशी माणसाने विचारायला हवे होते: या देहात पोट भरलेले आणि हातपाय वाळलेले, असे कसे?

नीतिकथेतल्या न्यायाची वाट न पाहता लोक स्वतः उठले तेव्हा काय झाले? १६०७ मध्ये नॉर्थहॅम्पटनशायर, लेस्टरशायर आणि वॉरिकशायर या भागांत हजारो लोकांनी सामाईक जमिनींवरची कुंपणे उखडली. त्यांचा म्होरक्या जॉन रेनॉल्ड्स हा ‘कॅप्टन पाउच’ म्हणून ओळखला जाई. आपल्या कमरेच्या थैलीत असे काही आहे की, तुम्हाला कुणी इजा करू शकणार नाही, असे तो सांगत असे. तो पकडला गेल्यावर थैलीत निघाला फक्त चीजचा एक हिरवा तुकडा. न्यूटन गावाजवळ जमीनदारांच्या सशस्त्र माणसांनी चाळीस-पन्नास जणांना कापून काढले आणि पुढे काहींना फाशी झाली. चमत्काराची थैली तलवारीपुढे टिकली नाही; पण कुंपण हेच भुकेचे मूळ आहे हे त्या लोकांनी बरोबर ओळखले होते.

१६२९ च्या मार्चमध्ये एसेक्समधल्या माल्डन बंदरात धान्य परदेशी निघाले होते. शंभरावर बायका मुलांना घेऊन जहाजावर चढल्या. त्यांनी आपल्या टोप्यांत आणि ओच्यांत धान्य भरून घ्यायला लावले. त्यांच्यात अ‍ॅन कार्टर ही एका खाटकाची बायको होती. दोनच महिन्यांनी कापडधंद्यातले बेकार विणकर तिच्याबरोबर पुन्हा उठले. ती स्वतःला ‘कॅप्टन’ म्हणवत होती. या वेळी सरकारने खास न्यायालय बसवले आणि अ‍ॅन कार्टरला इतरांबरोबर फाशी दिले. यानंतर त्या भागासाठी सरकारने धान्यही मागवले, हे ध्यानात घेतले पाहिजे. मागणी रास्त होती हे सत्तेने कृतीने कबूल केले. पण मागणारीचा जीव घेतला.

येथे सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. हॅटोच्या कथेत माणसे जळाली आणि उंदरांनी सूड घेतला. बकिंगहॅमशायरच्या गाण्यात घोडे जमिनीत गेले. आणखी एक कथा १६७८ साली हर्टफर्डशायरमधली म्हणून छापली गेली. एका श्रीमंत शेतकऱ्याने ओट कापणाऱ्या गरीब मजुराशी मजुरीवरून घासाघीस केली आणि तू सांगतोस त्या दरापेक्षा सैतानाने माझे पीक कापलेले परवडले, असे तो बोलून गेला. त्या रात्री शेत पेटल्यासारखे दिसले आणि सकाळी सगळे पीक गोल गोल वर्तुळांत अचूक कापलेले होते. शेतकऱ्याला ते उचलून नेण्याचे धाडस झाले नाही. उत्तम कथा आहे. धनिकाला अद्दल घडली. पण त्या मजुराला काय मिळाले? त्याचे कामही गेले आणि मजुरीही गेली. या कथांत पापी दंड भोगतो, दंड करणारा देव किंवा सैतान असतो; उपाशी माणूस मात्र कथेच्या आरंभी जिथे उभा असतो तिथेच शेवटीही उभा असतो. माल्डनच्या बायकांच्या ओच्यात धान्य पडले, कारण तिथे कथा सोडून माणसे पुढे आली.

आणखी एक पाऊल जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी टाकले. लागोपाठच्या नापिकीनंतर एप्रिल १६४९ मध्ये हे ‘डिगर’ लोक सरेमधल्या सेंट जॉर्ज टेकडीवर सामाईक पडीक जमीन खणू लागले आणि त्यांनी कंदमुळे व शेंगभाज्या लावल्या. साठेबाजाचे मन पालटावे याची त्यांनी वाट पाहिली नाही. भूमी ही सर्वांची ठेव आहे, ती काहींनी बळकावली म्हणून इतरांना विकत घेऊन खावे लागते, असा त्यांचा सिद्धांत होता. जमीनदारांनी त्यांची झोपडी-पिके तुडवली आणि १६५० पर्यंत त्यांना हुसकून लावले. पण भुकेचा प्रश्न लोभी मनावरून जमिनीच्या मालकीवर आणणारे ते लोक होते.

तर मग या नीतिकथा फेकून द्याव्यात काय? तसे म्हणता येत नाही. त्या पुसल्या गेल्यावर काय झाले ते पाहावे. १७७२ मध्ये पार्लमेंटने साठेबाजीविरोधी कायदे रद्द केले. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने लोकांच्या मनातल्या साठेबाजीच्या भीतीची तुलना चेटुकाच्या भीतीशी केली. व्यापार मोकळा सोडला की धान्य आपोआप योग्य ठिकाणी जाते, असे नवे शास्त्र सांगू लागले. लोकांनी ते मुकाट्याने मानले नाही. १८०० साली लंडनमध्ये रस्बी नावाच्या धान्य व्यापाऱ्याला जुन्या रूढ कायद्याखाली ज्यूरीने दोषी ठरवले आणि जमावाने त्याचे घर फोडले. अखेर १८४४ मध्ये तो गुन्हाच कायद्यातून काढून टाकण्यात आला. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराने १९७१ च्या आपल्या निबंधात अठराव्या शतकातल्या अशा दंग्यांमागची न्यायकल्पना उलगडली: भाकरीचा भाव हा केवळ व्यापाऱ्याचा खासगी मामला नाही, अशी लोकांची ठाम धारणा होती.

हे नवे शास्त्र जहाजातून आपल्याकडेही आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत होते, तेव्हा लिटनच्या सरकारने धान्याचे भाव उतरवण्यासाठी बाजारात हात घालायचा नाही असे धोरण ठेवले. त्याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला गहू जात होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला रत्तलभर धान्य पुरे ठरवले. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून संप केला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी अन्नछत्र चालवले. या दुष्काळात पापी कुणीच नव्हते. हॅटो नव्हता, सॉर्डिडो नव्हता. होता तो बाजाराचा नियम. आणि नियमाला उंदीर खात नाहीत, त्याला शाप लागत नाही. मृत्यूला जबाबदार माणूसच उरू न देणे, हे त्या शास्त्राचे मोठे यश होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी, विशेषतः विद्यार्थी आणि शिक्षकांनी, अशा लोककथा हातात घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. भुकेला कुणीतरी जबाबदार असतो, ही त्यांतली जाणीव जपावी. ती अडाणी समजूत नाही, पुष्कळ शहाण्या अर्थशास्त्रांपेक्षा ती सरळ आहे. पण दंड करण्याचे काम उंदरांवर, सैतानावर किंवा साठेबाजाच्या पश्चात्तापावर सोपवू नये. कथा कितीही रंगली तरी शेवटी विचारावे: कोठाराची किल्ली आता कुणाकडे आहे? जमीन कुणाची आहे? आणि जो उपाशी दारात आला होता, तो जेवला काय?